हातात धरायचं कोअर मशीन घेताय? आधी बिट ठरवा

कल्याण-डोंबिवली-ठाणे पट्ट्यात मी प्लंबिंगची आणि एसी पाइपिंगची कामं घेतो. पूर्वी भिंतीला होल म्हटलं की हॅमरला पॉइंट, म्हणजे टोकदार छिन्नी, लावायचा आणि ठोकत बसायचं. विटेची भिंत असायची, चालून जायचं. आता नव्या टॉवरमध्ये मिवान शटरिंग आलं. ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅब आणि भिंती एकदमच ओततात, त्यामुळे हॉलपासून बाथरूमपर्यंत बहुतेक भिंती आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या. तिथे हॅमर घातला की आतली टाइल सुटते, पलीकडे हातभर पापुद्रा निघतो आणि सळई आडवी आली की पॉइंट नुसता नाचतो. डायमंडचा कोअर बिट म्हणजे कडेला डायमंड बसवलेली पोकळ नळी. तो ठोकत नाही, घासून कापतो. खडी, सिमेंट, सळई सगळं एका रेषेत कापत जातो आणि होलची कड अशी येते की वरून पट्टीही लावावी लागत नाही.

म्हणून आमच्या लाइनीतली पोरं आता स्वतःचं मशीन घ्यायला लागली आहेत आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, किती वॉटचं घेऊ?" मी म्हणतो, वॉट शेवटी बघू. तू कोणती होलं मारतोस ते आधी सांग.

होल सांगा, बिट सांगतो

गेल्या काही महिन्यांतली कामं आठवा आणि कागदावर लिहा. स्प्लिट एसीला कॉपरच्या दोन नळ्या इन्सुलेशनसकट, ड्रेन आणि केबल एवढं जायचं असतं. त्याला ६५ मिमी, म्हणजे अडीच इंची बिट बहुतेक वेळा पुरतो. मोठ्या टनाच्या युनिटला ७५ मिमी बरा. ७५ मिमीच्या वेस्ट पाइपला चार इंची, म्हणजे १०२ मिमी. ११० मिमीच्या सॉइल पाइपला पाच इंची, १२७ मिमी लागतो. पाइपचा सॉकेटही होलातून न्यायचा असेल तर १३२ मिमी घ्या. किचन चिमणीचा डक्ट ६ इंची, म्हणजे होल त्याहून मोठं, १६० मिमीच्या पुढे.

पाइपाच्या मापाचंच होल मारू नका. भोवती बोटभर जागा राहिली नाही तर ग्राउट, म्हणजे फट भरायचा पातळ माल, आत जात नाही आणि मग खालच्या फ्लॅटवाल्याच्या छताला ओल येते. बाथरूमच्या गळतीची भांडणं मी खूप पाहिली आहेत. बरीचशी ह्या बोटभर जागेवरून सुरू होतात.

तुमच्या यादीत ६५ आणि १०२ जास्त असतील तर हातात धरायचं मशीन तुमच्यासाठीच आहे. १२७ च्या पुढची होलं जास्त असतील, आणि तीही आरसीसीत, तर स्टँडचं मशीन घ्या. हे मी ठासून सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही. त्याच्याकडच्या डब्यावर १६० किंवा १८० मिमीपर्यंत असं छापलेलं असतं. तो आकडा बऱ्याचदा विटेच्या भिंतीत सुकं, म्हणजे पाण्याशिवाय, कापण्याचा असतो. सळईच्या काँक्रीटमध्ये हाताने धरून किती मिमी, हा आकडा वेगळा आणि बराच लहान असतो. माहितीपुस्तिका उघडून तोच आकडा बघायचा. माझ्या माणसांना मी हाताने आरसीसीत चार इंचाच्या वर जाऊ देत नाही. त्यापुढे स्टँड, अँकर फास्टनरने भिंतीला पक्का बांधलेला.

फेरे किती हवेत

बिटच्या कडेला असलेले डायमंडचे सेगमेंट काँक्रीटवरून किती वेगाने घासले जातात, यावर सगळं कापणं अवलंबून आहे. ओल्या कामात, म्हणजे बिटवर पाणी सोडत कापताना, सेकंदाला २ ते ४ मीटर हा वेग चालतो. बिट लहान असेल तर त्याला जास्त फेरे लागतात, मोठा असेल तर कमी. हिशेब सोपा आहे: ५७,००० ला बिटच्या मिमीने भागा. ६५ मिमीला साधारण ८८० आरपीएम (मिनिटाला फेरे), १०२ ला ५६०, १२७ ला ४५०. एक इंची बिट असेल तर २,२०० च्या पुढे. सळई दाट असेल, खडी कठीण असेल तर ५७,००० च्या जागी ४०,००० धरा.

आता ह्या आकड्यांशेजारी मशीनच्या गिअरचे आकडे ठेवा. एकाच गिअरचं, १,५०० आरपीएमचं मशीन दुकानात स्वस्त मिळतं. त्यावर चार इंची बिट लावला तर कडेचा वेग ८ मीटरच्या घरात जातो. बिट तापतो, सेगमेंट गुळगुळीत होतात आणि कारागीर म्हणतो बिट खराब आला. बिट खराब नसतो, फेरे चुकलेले असतात. म्हणून दोन गिअर तरी हवेत, तीन असतील तर उत्तम. मशीनच्या अंगावरच्या पट्टीवर गिअरनिहाय आरपीएम आणि शेजारी बिटचं माप छापलेलं असतं. ती पट्टी नसलेलं मशीन मी घेत नाही. त्यातही लक्षात ठेवा, बरेच जण रिकाम्या मशीनचे फेरे छापतात. भाराखाली ते कमी होतात.

वॉटबद्दल आता बोलू. आरसीसीत चार इंचापर्यंत हाताने काम करायचं तर १,८०० ते २,२०० वॉटमध्ये भागतं. त्याच्या वरचं मशीन हाताने झेपण्याइतकं हलकं राहत नाही.

क्लच: इथे पैसे वाचवू नका

हा भाग दोनदा वाचा. बिट सळईत अडकला की बिट थांबतो आणि मशीन फिरायला बघतं. मशीन तुमच्या हातात असतं, म्हणजे तुमचं मनगटही फिरतं. ४५० आरपीएम म्हणजे सेकंदाला साडेसात फेरे. झटका बसल्यावर ट्रिगरवरचं बोट उचलायला पाव सेकंद लागतो असं धरलं तरी तेवढ्यात जवळजवळ दोन फेरे होतात. कितीही तयारीचा कारागीर असो, त्याच्याआधी मशीन फिरून मोकळं होतं. आमच्याच भागातल्या एका साइटवर दुसऱ्या ठेकेदाराकडे कामाला असलेल्या पोराचं मनगट असंच मोडलं. मशीनला क्लच होता असं बिलावर लिहिलेलं होतं, पण तो आतून कधीच घसरत नव्हता. पोरगं विशीतलं होतं, प्लेट टाकावी लागली.

म्हणून दोन गोष्टी विचारा. गिअरबॉक्समध्ये मेकॅनिकल क्लच आहे का, जो बिट अडकला की घसरतो? आणि वर इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड आहे का, जो भार वाढला की दिवा दाखवतो आणि मग सप्लाय तोडतो? नुसता इलेक्ट्रॉनिक असेल तर पुरेसा नाही. दुकानात मशीन हवेत फिरवून क्लच कळत नाही. साइटवर डेमो मागा. हिल्टी, बॉश, हस्कवर्ना ह्यांच्यासारख्या कंपन्यांची माणसं साइटवर येऊन मशीन दाखवतात. मुंबईत नागदेवीच्या गल्लीतले जुने टूलवालेही ओळखीच्या गिऱ्हाइकाला दुकानामागे एखाद्या काँक्रीटच्या ठोकळ्यात होल मारून दाखवतात. डेमो द्यायला कुणी टाळाटाळ केली तर दुसरं दुकान बघा.

बाजूचं हँडल लांब हवं आणि घट्ट बसायला हवं. हँडल जितकं लांब तितका झटका हाताला कमी बसतो. ट्रिगर लॉक करायचं बटण असेल तर हाताने काम करताना ते कधीच वापरायचं नाही.

बिट: घाटावरचा वेगळा, कोकणातला वेगळा

माझं गाव रत्नागिरीकडे आहे, त्यामुळे हा फरक मला दोन्हीकडे दिसतो. इकडे घाटावर आणि मुंबईभोवती काँक्रीटमध्ये जी काळी खडी पडते ती बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची. कठीण असते. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या. जांभा मऊ असतो, पण खरबरीत.

सेगमेंट म्हणजे धातूच्या भुकटीत बसवलेले डायमंडचे बारीक कण. कण धरून ठेवणाऱ्या ह्या धातूला बाँड म्हणतात. वरचे कण बोथट झाले की धातूने झिजून खालचे नवे कण उघडे करायचे असतात. बेसॉल्टसारखा कठीण दगड धातूला फारसा झिजवत नाही. म्हणून त्याला मऊ बाँडचा बिट लागतो, नाहीतर बोथट कण तिथेच बसून राहतात. जांभ्यात उलट. तो धातू पटापट खातो, म्हणून कडक बाँड हवा. मिवानसाठी आणलेला मऊ बाँडचा बिट गावी जांभ्याच्या घराला वापरला तर सेगमेंट बघता बघता संपतो. दुकानात नुसतं "आरसीसीचा बिट द्या" म्हणू नका. "काळ्या खडीच्या, सळईच्या काँक्रीटला, ओल्या कामाचा" असं पूर्ण सांगा.

बिट चालेनासा झाला की आधी प्लग काढा आणि सेगमेंटवरून बोट फिरवा. चांगल्या सेगमेंटवर कण टोचतात आणि प्रत्येक कणामागे धातूची छोटी शेपटी दिसते. बंद पडलेला सेगमेंट चकाकतो, बोट घसरतं. अशा वेळी बिट फेकायचा नाही. कमी गिअरवर, जास्त वाळूच्या सिमेंट ब्लॉकमध्ये किंवा वालुकाश्मात थोडं खोल उतरवा. धातू झिजतो, कण वर येतात, बिट पुन्हा कापायला लागतो. नव्या बिटला पहिल्या कामाआधी हे करून घेतलं तरी चांगलं.

सेगमेंट नळीला कसा जोडलाय तेही विचारा. लेझर वेल्डिंगचा बिट सुक्या कामाची उष्णता सहन करतो. चांदीच्या ब्रेझिंगने जोडलेला बिट फक्त पाण्यावर चालवायचा, सुका चालवला तर जोड तापून सेगमेंट निसटतो. सुटलेला सेगमेंट होलात अडकला की पुढचा बिटही जातो.

आणि आटे. मशीनच्या स्पिंडलला, म्हणजे बिट बसतो त्या फिरत्या दांड्याला, बहुतेक वेळा सव्वा इंची, इंचाला ७ आट्यांची जोडणी असते. स्वस्तातल्या हातमशीनवर एम-२२ सुद्धा सर्रास येते. लहान बिटला अर्धा इंची बीएसपी, म्हणजे पाइपचे आटे असतात. सव्वा इंचीचे बिट कुठल्याही बाजारात, कुठल्याही कंपनीचे मिळतात, म्हणून मी त्याच जोडणीचं मशीन सुचवतो. ॲडॅप्टर मिळतो, पण मध्ये एक जोड वाढला की बिट डगमगतो. कंपनीची स्वतःचीच झटपट बसणारी जोडणी असेल तर बिटही कायम त्यांच्याचकडून घ्यावे लागतील, तो खर्च आधीच धरा. वर्षभरात बिटांवर जाणारा पैसा मशीनच्या पैशाला मागे टाकू शकतो.

पाणी आणि वीज एका हातात

ओलं काम करताना मिनिटाला साधारण लिटर-दीड लिटर पाणी लागतं. साइटवर नळ नसतो, म्हणून दहा लिटरची हातपंपाची प्रेशर टाकी मशीनबरोबरच घ्या. मशीनच्या पाण्याच्या सीलजवळ एक बारीक छिद्र असतं. तिथून पाणी टपकायला लागलं की सील गेलं असं समजा आणि त्याच दिवशी बदला, नाहीतर पाणी गिअरबॉक्समध्ये जातं. सेकंड हँड मशीन बघताना मी आधी तेच छिद्र बघतो, मग स्पिंडल हाताने हलवून ढिला आहे का ते.

केबलवर शॉक तोडणारी डबी हवी, ओल्या मशीनला १० मिलिॲम्पिअरवर ट्रिप होणारी मिळते. ओल्या हातांनी दोन किलोवॉटचं मशीन धरणाऱ्या माणसासाठी ती डबी नसेल तर मशीन कितीही स्वस्त असो, मला नको. रोज काम सुरू करण्याआधी तिचं टेस्ट बटण दाबून बघायचं. साइटवरचे लोक पिन बसत नाही म्हणून प्लग कापून वायरी सॉकेटात खुपसतात, अर्थिंगची वायर मोकळी सोडतात. ते चालू असेल तिथे आपलं मशीन लावायचं नाही.

२,००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ ॲम्पिअर. घरातल्या ६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर हे चालत नाही, १६ ॲम्पिअरचा पॉइंट शोधा, गीझरचा किंवा एसीचा. एक्स्टेंशन तीन कोरची, २.५ चौरस मिमीची घ्या आणि ड्रमवरून पूर्ण उलगडा. १ चौरस मिमीची ५० मीटर वायर ओढली तर नुसत्या वायरीतच १५ व्होल्ट पडतात. साइटवर आधीच व्होल्टेज कमी असतं, मग मोटर तापते.

डोक्यावरच्या स्लॅबला खालून ओलं होल हाताने मारायचं नाही. पाणी सरळ मोटरमध्ये उतरतं. ते काम वरून करा, किंवा स्टँड आणि पाणी गोळा करणारी रिंग लावून.

सुकं काम विटेत आणि ब्लॉकच्या भिंतीत ठीक आहे, पण धूळ ओढणारा व्हॅक्यूम लावूनच. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की परत निघत नाही, सिलिकोसिसला औषध नाही. रुमाल बांधून भागत नाही, निदान एन-९५ मास्क हेल्परलासुद्धा द्या. धूळ खरं तर तोच जास्त खातो.

दुकानात

किमतीत कितीतरी पटींचा फरक दिसेल. नावाजलेलं परदेशी मशीन आणि चिनी बनावटीचं मशीन बाहेरून सारखंच दिसतं. फरक क्लचमध्ये, गिअरमध्ये, सीलमध्ये असतो, आणि पुढे पार्ट मिळण्यात. रोज होलं मारत असाल तर महाग मशीन घ्या. महिन्यातून चार-दोन होलं असतील तर मशीन घेऊच नका. कोअर कटिंगवाला बोलवा. तो इंचावर दर लावतो, बिट त्याचा, धोका त्याचा. मधल्या कुणाला मध्यम किमतीचं मशीन पुरतं, पण क्लच आणि शॉकची डबी ह्यावर तडजोड नको.

बिल पक्कंच घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतलं की वॉरंटी गेली आणि तुमचा जीएसटी नंबर असेल तर क्रेडिटही गेलं. मशीनचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. कार्बन ब्रश, पाण्याचं सील आणि स्विच, हे तीन पार्ट आत्ता दुकानात आहेत का ते विचारा, "मागवून देऊ" नको. ब्रशची एक जोडी लगेच घेऊन टाका. बिट आणि स्पिंडलच्या मध्ये टाकायचा तांब्याचा वॉशरही घ्या. तो नसला की बिट आट्यांवर असा आवळतो की पाना लावून दोघांनी ओढावं लागतं.

पहिलं होल

मशीन घरी आलं म्हणून लगेच कुठेही लावायचं नाही. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही. मिवानची भिंत स्वतःच भार घेते, तिथे सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होकार लेखी घ्या. पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर केबल कुठून गेल्या हे नकाशावर पाहून आणि स्कॅन करून झाल्याशिवाय बिट टेकवायचा नाही. त्या केबल ताणलेल्या असतात, कापल्या तर माणूस जाऊ शकतो. साध्या भिंतीतही सळई आणि वायरिंग शोधणारा डिटेक्टर फिरवा. होल दोन इंच सरकवून सळई वाचत असेल तर सरकवा.

प्लायच्या तुकड्याला बिटच्या मापाचं भोक पाडून तो भिंतीला ठोका. ओला बिट सुरुवातीला घसरतो, प्लाय त्याला जागेवर धरतो. पाणी आधी, फिरवणं नंतर. एसीचं होल बाहेरच्या बाजूला किंचित उतारावर धरा. पलीकडे खाली माणूस उभा करा आणि जागा अडवून घ्या. सहा इंची भिंतीतून चार इंची बिटने निघालेला काँक्रीटचा तुकडा अडीच किलोच्या आसपास भरतो, तो कितव्या मजल्यावरून पडणार ह्याचा विचार करा.

मग पाण्याकडे बघत राहा, मशीनपेक्षा तेच जास्त सांगतं. दुधासारखं करडं पाणी येत असेल तर सगळं नीट चाललंय. दाट चिखल यायला लागला तर पाणी वाढवा. अचानक पाणी स्वच्छ होऊ लागलं, त्यात चकचकीत कण दिसले, मशीनचा आवाज खाली बसला, की सळई लागली. तिथे अंगाचा जोर टाकायचा नाही. मशीनला खालचा गिअर असेल तर तो लावा, दोन्ही पाय रोवा, हात सरळ ठेवा आणि बिटला त्याच्या गतीने जाऊ द्या. सळई पार झाली की पाणी पुन्हा करडं होतं.

नळीत तुकडा अडकला तर नळीवर लोखंडी हातोडा मारू नका, पोचा पडला की बिट कायमचा वाकडा फिरतो. लाकडी ठोकण्याने हलकेच वाजवा, मागून सळईने ढकला. काम संपल्यावर मिनिटभर स्वच्छ पाणी सोडून बिट फिरवा, मग बिट काढून आटे पुसा आणि ग्रीस लावा. स्लरी, म्हणजे कापल्याचा चिखल, आट्यांवर रात्रभर सुकली तर सकाळी ती सिमेंटच झालेली असते.